पान चव्वेचाळीस

१७ जानेवारी २०२३, मंगळवार

आठ महिने मी मूळव्याधीचं मलम लावत होते. मूळव्याध नव्हती.

बायॉप्सीचा रिपोर्ट संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी मेलवर आला. मी मीटिंगमध्ये होते. शेजारच्या विंडोत उघडला. गुदाशयाचा कॅन्सर. मग माझा नंबर आला आणि मी कालच्या टेस्टिंगमध्ये सापडलेल्या तीन चुका वाचून दाखवल्या. आवाज हलला नाही. तेजस, आमचा टीम लीड, म्हणाला, "ओके, आज फारसं काही सीरियस नाही."

वय तीस. तंबाखू नाही, दारू नाही, घरात कोणाला नव्हता. हे मी कोणाला पटवून देतेय?

१९ जानेवारी

सर्जनकडे एकटीच गेले. त्यांनी माझ्याच रिपोर्टच्या पाठीमागे चित्र काढलं. एक नळी, खाली तिचं तोंड, तोंडापासून तीन सेंटिमीटरवर एक गोळा. इतक्या खाली पुन्हा जोडायला जागा उरत नाही. म्हणजे गुदाशय काढायचा, खालचं तोंड शिवून बंद करायचं, पोटावर नवं तोंड करायचं. त्यावर पिशवी.

"किती दिवस?" मी विचारलं.

"कायम." त्यांनी पेनाला टोपण लावलं. "लोक पिशवी लावून सिंहगड चढतात. आपण तीन सेंटिमीटरवर अडून बसू नये."

हा विनोद होता, हे मला लिफ्टमध्ये कळलं.

२० जानेवारी

बेंबीच्या डावीकडे, थोडं खाली. आरशासमोर टेप धरून पाहिलं. जीन्सचा पट्टा नेमका तिथूनच जातो.

२२ जानेवारी, रविवार

बाबांना सांगितलं. म्हणजे लिहून दिलं.

आमच्या घरात हे विचित्र नाही. बाबा चौतीस वर्षं दारूगोळा कारखान्यात तपासणीला होते, आधी भंडाऱ्याला, मग खडकीला. पेटी उघडून आत पाहिल्याशिवाय कागदावर सही करायची नाही — आयुष्यात त्यांना एवढा एकच अभिमान. घरातही तेच. वीजबिल असो, माझी मार्कशीट असो, कागद ज्याने वाचला त्याने खाली 'पाहिले' लिहायचं, सही करायची, तारीख घालायची. आई थट्टा करायची — "माझ्या वांग्यांवर पण मारा हो एक सही." भंडाऱ्याहून बदली होऊन पुण्यात आलो तेव्हा शेजाऱ्यांना वाटायचं, आमच्याकडे ऑफिस चालतं.

आई जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून जे बोलता येत नाही तेही कागदावरच. महिन्याच्या सामानाच्या यादीत शेवटच्या ओळीत मी 'मेडिकल – १' एवढंच लिहिते. बाबा ते पाकीट पेपरात गुंडाळून माझ्या कपाटाच्या पायाशी ठेवतात. अकरा वर्षांत त्या वस्तूचं नाव त्यांनी घेतलं नाही. मीही नाही.

तर आज चार ओळी लिहिल्या, डायनिंग टेबलवर ठेवल्या आणि अंघोळीला गेले. आले तेव्हा खाली 'पाहिले', सही, तारीख. सही ओळीखाली घसरलेली. बाबा गॅलरीत कुंड्यांना पाणी घालत होते. कुंड्यांना सकाळीच मी घातलं होतं.

संध्याकाळी ते हडपसर गावात जाऊन निळी फाईल घेऊन आले. सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे लावले. उजव्या कोपऱ्यात तांबड्या पेन्सिलीने पानांचे नंबर. रात्रीपर्यंत एक ते सतरा.

२८ जानेवारी

सहा दिवस वाचते आहे. प्रश्न एकच ठेवला: पिशवी टाळता येते का?

येते. काहींची. आधी किरणं, मग केमो, दोन्ही पूर्ण. त्यानंतर तपासायचं. गाठ कुठेच दिसली नाही, बोटाला लागली नाही, तर कापायचं नाही — नुसतं पाहत राहायचं. दर तीन महिन्यांनी बोट, दुर्बीण, एमआरआय. परत उगवली तर ऑपरेशन तेव्हा.

एकोणचाळीस पेपर वाचले. बहुतेकांत सरासरी वय साठीच्या पुढे, पुरुष जास्त. मी त्या सरासरीत कुठे बसत नाही. पण गाठीला वय कुठे कळतं.

पहिल्यांदा झोप लागली.

३ फेब्रुवारी, शुक्रवार

दुसरं मत घेतलं. बाबा बरोबर होते. डॉ. आमोद केतकर, रेडिएशनचे. पन्नाशीचे असतील. मी प्रश्नांचं पान काढलं तर म्हणाले, विचारा, मला घाई नाही. सोळा प्रश्न विचारले. सोळाही गाठीबद्दल आणि पिशवीबद्दल.

त्यांनी फुगवून काही सांगितलं नाही. निम्म्या लोकांचा अवयव वाचतो, निम्म्यांचा नाही. वाचला तरी काहींची गाठ पहिल्या दोन वर्षांत परत येते. "ऑपरेशनपेक्षा हे सोपं आहे असं समजून येऊ नका. ऑपरेशन एका दिवसात संपतं. हे पाच वर्षं संपत नाही."

मी म्हटलं, माझी नोकरीच ती आहे. पुन्हा पुन्हा तपासणं.

नर्सने फॉर्म भरला. "लग्न झालंय?" नाही म्हटलं. तिने खालच्या तीन प्रश्नांवर एकच तिरकी रेघ मारली आणि मला खाली रक्त द्यायला पाठवलं. तिथे वीस मिनिटं गेली. वर आले तेव्हा बाबा डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर येत होते. चष्मा हातात.

"काय म्हणाले?"

"लिहून ठेवतो," बाबा म्हणाले.

बाबा सगळंच लिहून ठेवतात. रिक्षात मीटरकडे बघत बसले होते.

४ फेब्रुवारी

निळ्या फाईलमधली चाळीसच्या चाळीस पानं स्कॅन केली. नावं, तारखा, शोधता येतील अशी. पुढचं सगळं हॉस्पिटल मेलवर पाठवतं. आता फाईल उघडायची गरज नाही. बाबांना तसं सांगितलं नाही, त्यांना वाईट वाटेल.

६ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी क्लायंटचा कॉल चालू असताना बाबांनी कागद पुढे ठेवले. वर क्लिप लावलेली, सहा ठिकाणी पेन्सिलीची फुली. हॉस्पिटलची संमती, विम्याचे फॉर्म. मी कानाला हेडफोन, तोंडाने "येस, वी कॅन रिप्रोड्यूस इट", आणि हाताने खालचे कोपरे उचलत सह्या. एका कागदावर बाबांनी सवयीने 'पाहिले' लिहून ठेवलेलं — विम्यावरसुद्धा! तिथेही केली. तारीख घातली.

कॉल संपला तरी बाबा खुर्चीमागे उभेच.

"सगळ्यांवर केलीस?"

"हो."

"म्हणजे थांबायचं नाही?"

"थांबायचं कशाला बाबा? येत्या सोमवारपासून सुरू करतायत ना."

"नक्की ना, बेटा? नीट विचार केला?"

"पंधरा दिवस तोच तर करतेय."

फाईल छातीशी धरून ते गॅलरीत गेले आणि डॉक्टरांना फोन लावला. दार लोटून घेतलं होतं. दुपारी जेवले नाहीत. मला वाटलं, पिशवीची भीती माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त आहे.

१३ फेब्रुवारी

१/२८. कमरेवर तीन ठिकाणी शाईचे कायमचे ठिपके. लघवी तुंबवून पालथं पडायचं. मशीन फिरतं, काहीच होत नाही. मोजून सात मिनिटं. काहीच होत नाही याचाच धक्का बसला.

सकाळ-संध्याकाळ गोळ्या. तळपाय लाल होतील म्हणाले.

७ मार्च

धूलिवंदन. मशीनला सुट्टी, मला नाही. बसता येत नाही. आतून सोलल्यासारखं. आकडा सोळावर अडकला याचाच राग येतोय.

खालच्या मजल्यावरच्या वासंतीकाकू मऊ भात घेऊन आल्या. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, अजून सगळ्यांना तपासूनच बोलतात. दारातच म्हणाल्या, "तूप घातलंय. उपकार नाही, उरलं होतं." मला उभं राहून जेवताना पाहिलं. काही विचारलं नाही. गेल्यावर कळलं, डब्याखाली बसायचं रिंगचं कुशन ठेवून गेल्या होत्या.

२४ मार्च

२८/२८. तंत्रज्ञ मुलीने टाळ्या वाजवल्या. मी थँक्यू म्हटलं. बाबांनी सगळ्यांना पेढे वाटले, डॉक्टरांनाही. डॉक्टरांनी पेढा हातात धरून बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. जरा जास्तच वेळ.

९ एप्रिल

केमोची पहिली सलाईन झाली. थंड वस्तूला हात लावला की बोटांत वीज. बाबांनी फ्रिजच्या हँडलला जुना लोकरी मोजा चढवलाय. वर चिठ्ठी: 'हात लावण्यापूर्वी मोजा पाहणे.' मी सही केली.

या महिन्याचं पाकीट आलं नाही. लागलंही नाही. गेल्या महिन्यातही नाही. औषधांनी पुढे गेली असेल. नोंद करून ठेवली.

१८ मे

अचानक कानशिलं तापतात, मान भिजते, दोन मिनिटांत थांबतं. थर्मामीटरवर काहीच नाही. दिवसातून सात ते नऊ वेळा. केमोचा परिणाम, अशा नावाने रकाना उघडला.

३० जुलै

शेवटची सलाईन परवा झाली. वजन ४६. केस विरळ, पण आहेत. ११ ऑगस्टला तपासणी.

त्या एका दिवशी एकतर गाठ असेल किंवा नसेल. तिसरं उत्तर नाही.

२ ऑगस्ट

वासंतीकाकूंकडे चहाला बसले असताना ते तापणं आलं. मी रुमालाने मान पुसत होते. काकूंनी बशी खाली ठेवली आणि एकटक बघत राहिल्या.

"हे किती दिवस आहे?"

"अडीच-तीन महिने. केमोमुळे."

"केमोमुळे." काकूंनी तो शब्द उत्तरपत्रिकेतल्या चुकीसारखा उच्चारला. "मला हे बावन्नाव्या वर्षी झालं होतं, नम्रता. तुझी पाळी कधीपासून नाही?"

हा शब्द कोणी माझ्यासमोर असा सरळ उच्चारून अकरा वर्षं झाली होती. मी तारीख सांगितली: १० फेब्रुवारी, त्यानंतर नाही.

"डॉक्टरांना विचारलंस?"

नाही विचारलं. सोळा प्रश्न विचारले होते. हा नव्हता.

११ ऑगस्ट, शुक्रवार

गाठ नाही.

डॉ. केतकरांनी आणि दुर्बिणीच्या डॉक्टरीणबाईंनी वेगवेगळं पाहिलं. बोटाला काही लागत नाही. दुर्बिणीत जिथे गाठ होती तिथे एक पांढरट सपाट डाग, सव्वा सेंटिमीटरचा. एमआरआयमध्ये नुसता व्रण. केतकर खरंच खूश दिसले. "अवयव वाचला. आता पाहत राहायचं." बाबा बाहेर औषधांच्या रांगेत होते.

मग मी विचारलं. पाळी का नाही, परत कधी येईल.

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, हळूहळू गेलं. फाईल उलटली, परत माझ्याकडे पाहिलं. म्हणाले, परत येणार नाही. किरणं ओटीपोटातून जातात. दोन्ही बीजकोश त्याच वाटेवर असतात, गर्भाशयही. आता हाडांसाठी, हृदयासाठी हार्मोनच्या गोळ्या घ्याव्या लागतील, त्या आजच लिहून देतो. "पण हे तुम्हाला माहीत होतं ना? मी फेब्रुवारीत तुमच्या वडिलांना सविस्तर सांगितलं होतं. आधी स्त्रीबीजं काढून ठेवता आली असती, दोन-अडीच आठवड्यांचा प्रश्न होता."

"वडिलांना?"

"तुम्ही खाली होतात. तुमच्याशी अविवाहित म्हणून एकदम कसं बोलायचं, म्हणून आधी त्यांच्याशी... मला तुमच्याशीच बोलायला हवं होतं, ते माझं चुकलं. पण सोमवारी त्यांचा फोन आला. मुलीने सगळं पाहिलंय, तिला थांबायचं नाही, असं म्हणाले."

मी बरं म्हटलं. बॅग उचलली. दाराचं हँडल उलट्या बाजूला फिरवत होते, नर्सने उघडून दिलं.

अवयव वाचला! कोणता?

११ ऑगस्ट, रात्री

सामानाच्या याद्या बाबा खिळ्याला अडकवून ठेवतात. काढून पाहिल्या. जानेवारी, फेब्रुवारी — 'मेडिकल – १', पुढे टिकमार्क. मार्चच्या यादीत माझ्या त्या ओळीवर बारीक पेन्सिलीची काट. एप्रिल, काट. पुढे मी लिहिलंच नव्हतं.

म्हणजे त्यांना माहीत होतं. माझ्या शरीराला कळायच्या आधी किराणा मालाच्या यादीला कळलं होतं.

मला मूल हवं होतं का? माहीत नाही. खरंच माहीत नाही. हा प्रश्न मी स्वतःला कधी विचारलाच नव्हता. पण तो माझा होता. हो म्हणायला, नाही म्हणायला, निदान पुढे ढकलायला तो माझ्याकडे यायला हवा होता. अडीच आठवडे! जिथे आठ महिने नुसतं मलम लावत बसले, तिथे अडीच आठवडे थांबता आलं नसतं?

१२ ऑगस्ट

सकाळी बाबा पोहे करत होते. ओट्याजवळ उभी राहून एकच वाक्य बोलले. रात्रभर तयार केलं होतं.

"माझ्याऐवजी तुम्ही ठरवलंत, आणि डॉक्टरांना खोटं सांगितलंत."

त्यांनी गॅस बंद केला. वळले. "खोटं काहून सांगू? फाईलमध्ये—" एवढं म्हणाले आणि थांबले.

माझ्याकडे बघत राहिले.  मला वाटलं, आता फाईल आणतील, नंबर सांगतील, कलम सांगतील. तपासनीसाचं उत्तर. पण ते स्टुलावर बसले. चेहरा असा झाला की मी तसा फक्त एकदा पाहिला होता — आईच्या वेळी, आयसीयूबाहेर.

"चुकलं माझं," म्हणाले. "तोंडाने सांगायला पाहिजे होतं. मला जमलं नाही."

म्हणजे कबूल. मी ऐकून खोलीत आले. पोहे तसेच राहिले.

१३ ऑगस्ट

वाद घालतील असं वाटलं होतं. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

२७ ऑगस्ट

घरात बोलणं बंद नाही. "दूध आलं." "हो." "गोळी घेतलीस?" "हो." एवढं.

चिठ्ठ्यांवर सही करणं मी बंद केलंय. फ्रिजच्या दारावर पाच चिठ्ठ्या साठल्या. सहाव्यापासून त्यांनी 'पाहिले' लिहिणंच सोडून दिलं.

१६ सप्टेंबर

वासंतीकाकूंना सगळं सांगितलं. मी कोणाला सगळं असं कधी सांगत नाही. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाल्या, "बापूराव खोटं बोलले? सोसायटीच्या मीटिंगमध्ये अल्पोपाहारात दोन वडे जास्त लिहिले म्हणून सहीला अडून बसलेला माणूस?"

मी म्हटलं, त्यांनी स्वतः कबूल केलंय.

"हं," काकू म्हणाल्या. "कबूल केलंय ते ऐकलं मी."

आजकाल त्या सगळ्यातच शंका काढतात.

५ ऑक्टोबर

हार्मोनच्या गोळ्यांनी ते तापणं थांबलं. रकाना बंद केला. शरीर आज्ञाधारक आहे. गोळी दिली की ऐकतं.

बाबा वाळलेत. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल. मी पाहिलं, आणि पाहिलं नाही असं केलं.

८ नोव्हेंबर, बुधवार

पहिली तीन महिन्यांची तपासणी. डाग तसाच. बोटाला काही नाही. पुढची फेब्रुवारीत. दुर्बीण बाहेर येईपर्यंत मी छतावरच्या फरश्या मोजल्या. चौसष्ट.

नवीन निवासी डॉक्टरला किरणांच्या संमतीची मूळ प्रत हवी होती. स्कॅनमध्ये नव्हती — मी चाळीसवरच थांबले होते. बाबांनी निळी फाईल दिली. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा हातात घेतली. संमती एक्केचाळीसवर. विम्याचा फॉर्म बेचाळीसवर, त्रेचाळीसवर. पुढे पंचेचाळीस.

पुन्हा पाहिलं. त्रेचाळीस, पंचेचाळीस. क्लिपच्या भोकांना चिकटलेला कागदाचा अगदी बारीक तुकडा.

रिक्षात विचारलं. तीन महिन्यांत माझ्याकडून पहिला प्रश्न.

"चव्वेचाळीस नंबर कुठे गेला?"

बाबा बाहेर बघत होते. "नंबर टाकायला चुकला असेल."

चौतीस वर्षं. लाखभर पेट्या. माझा दहावीचा फॉर्म, आईचे सगळे रिपोर्ट, सोसायटीची वह्या-रजिस्टरं. बाबांचा नंबर चुकलेला मी कधी पाहिला नाही.

 

१२ नोव्हेंबर

दिवाळी. बाबांनी अनारसे केले, आईच्या हातचे नाहीत असं स्वतःच म्हणाले. मी दोन खाल्ले. सहा फुल्या होत्या का पाच? आठवायचा प्रयत्न करतेय. इथेच मागे लिहिलंय. सहा.

संमती एक. विम्याचे चार. पाचच होतात.

२२ नोव्हेंबर, बुधवार

बाबा बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले. तिथून फोन: पेन्शनचा नंबर विसरलो, कपाटात तपकिरी पाकिटात ऑर्डर आहे, वाचून सांग. सांगितला. ऑर्डरच्या मागे घडी घातलेला एक कागद होता. कोपऱ्यात तांबडा ४४.

'दि. ५.२.२३. चि. नम्रता, डॉक्टरांनी मला जे सांगितले ते जसेच्या तसे लिहितो, कारण तोंडाने सांगणे मला जमणार नाही. किरणांनी मासिक पाळी कायमची बंद होईल. मूल होणार नाही. त्याआधी स्त्रीबीजे काढून ठेवता येतात, अडीच आठवडे लागतात, तेवढे थांबल्यास धोका नाही. सर्जनचे ऑपरेशन केले तर हे टळेल, पण पिशवी राहील. काय ठेवायचे ते तू ठरव, मी ठरवणार नाही. थांबायचे असल्यास या कागदावर सही करू नकोस, म्हणजे मी समजेन. — बाबा.'

खाली: पाहिले. माझी सही. ६.२.२३.

माझ्या सहीखाली आजची तारीख घालून पुन्हा सही केली. कागद फाईलमध्ये त्रेचाळीस आणि पंचेचाळीसच्या मध्ये लावला. फाईल डायनिंग टेबलवर उघडी ठेवली आहे. बाबांची रिक्षा खाली थांबलीय.